आदिबंध, ठोकळे आणि बाई-पुरुष पात्रं : कथालेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथालेखनाच्या वर्गात हे प्रश्न येतात. दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा अभिप्रायासह परत गेल्या की त्यानंतरच्या पत्रांतही येतात. प्रश्नांचे शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. एकाच अर्थाचे चार प्रश्न आले तिथे एक केला आहे. सगळं ओळीनं वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आदिबंध म्हणजे काय? व्याख्या नको, उदाहरण द्या.

भोपळ्यातली म्हातारी. लेकीकडे निघालेली, हाडाची काडं झालेली. वाटेत वाघोबा भेटतो आणि "तुला खातो" म्हणतो. म्हातारी घाबरून रडत बसत नाही, सौदा करते : लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग खा. परतताना भोपळ्यात बसते आणि "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक".

अंगात बळ नाही, म्हणून अकलेच्या जोरावर बलवानाला फसवून निसटायचं, ही भूमिका जगभरच्या गोष्टींत सापडते. बहुतेक ठिकाणी ती कोल्ह्याला, बिरबलाला, तेनालीरामला मिळते. आपल्याकडे ती एका म्हातारीला मिळाली आणि आजवर कुणाला त्याचं नवल वाटलेलं नाही. अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या भूमिका म्हणजे आदिबंध. वाट दाखवणारा, उंबरठ्यावर अडवणारा, रूप बदलणारा, हरवलेलं शोधायला निघालेला, हे सगळे त्यातलेच. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी ही कल्पना विसाव्या शतकात मांडली. मराठी समीक्षेत तिला "आदिबंध" हा शब्द रुळला.

२. मग ठोकळेबाज पात्र वेगळं कसं? दोन्ही ठरावीकच ना?

आता दुसरी गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊचं दार वाजवतो, आणि आतून उत्तर येतं : थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, अंग पुसू दे. थांब, काजळ-तीट लावू दे.

इथे बाई म्हणजे नीटनेटकं घर आणि बाळ. पुरुष म्हणजे निष्काळजी, भिजून दारात उभा. बाळ आहे, पण बाळाचा बाप कुठे आहे हे विचारायचं आपल्यापैकी कुणालाही चार वर्षांच्या वयात सुचलं नाही, आणि पुढेही नाही. "आई ती, म्हणजे ती हेच करत असणार" हे आपण आधीच धरलेलं असतं. हा ठोकळा.

फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. आदिबंध क्रियापदात राहतो, ठोकळा विशेषणात. भोपळ्यातली म्हातारी कशी होती, प्रेमळ की तुसडी, गोरी की काळी? सांगता येत नाही. तिनं काय केलं ते मात्र कुणीही सांगेल.

(जाता जाता : चिऊकडेही नीट बघा. पावसात शेजारी दार वाजवतोय आणि ही बाई शांतपणे काजळ घालतेय. ठोकळ्याच्या खाली उंबरठ्यावरची एक चांगलीच कडक राखणदार बसलेली आहे. कुणीतरी तिच्यावर मोठ्यांसाठी कथा लिहायला हवी.)

३. जुने आदिबंध पुरुषांनी पुरुषांसाठीच बनवलेत असं वाचलं. मग ते वापरायचेच कशाला?

भूमिका कुणाच्या मालकीच्या नाहीत. त्यांच्या याद्या मात्र पुरुषांनी केल्या, आणि ते यादीत दिसतं.

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांचा सांगाडा मांडला. त्यात पात्रांची सात कार्यक्षेत्रं आहेत : खलनायक, दाता, साहाय्यक, धाडणारा, नायक, तोतया नायक, आणि "राजकन्या व तिचा बाप". सहा नावं कामावरून पडली आहेत. सातव्या ठिकाणी एक मुलगी आहे आणि तीही बापासोबत एकाच खणात.

आपलं घर काचेचं नाही असं समजू नका. नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायक चार : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. चारही प्रकार स्वभावावरून. नायिका आठ : वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. एक सजून वाट पाहते, एक विरहात झुरते, एकीचा नवरा मुठीत आहे, एक भांडून पस्तावते, एकीचा तो रात्र दुसरीकडे काढून आला, एकीला शब्द देऊन आलाच नाही, एकीचा परगावी आहे. आठव्या क्रमांकाची अभिसारिका तेवढी स्वतः उठून घराबाहेर पडते, आणि जाते त्याच्याकडेच. आठही अवस्था "तो आत्ता कुठे आहे" यावर बेतलेल्या. नायिकांच्या आणखी वर्गवाऱ्या आहेत, नायकाच्याही प्रेमातल्या वागण्यावरून केलेल्या आहेत, हे मान्य. पण चित्रांत, नृत्यात, काव्यात ज्या आठजणी शतकानुशतकं टिकल्या त्या याच.

म्हणून यादी वापरा, पण यादीतली नावं पुसून. "राजकन्या" हा शब्द काढा आणि विचारा, या जागेचं गोष्टीतलं काम काय? ज्याच्यासाठी धडपड चालली आहे ते माणूस, जे शेवटी खऱ्याला ओळखतं आणि तोतयाला उघडं पाडतं. हे काम एखादा म्हातारा सराफही करू शकतो.

४. एका पात्राला एकच आदिबंध द्यायचा का?

नाही. एक माणूस अनेक भूमिका करू शकतो आणि एक भूमिका अनेकांत वाटली जाऊ शकते, हे प्रॉपनंच सांगून ठेवलंय. पहिल्या निम्म्या कथेत वाट दाखवणारी मामी पुढच्या निम्म्या कथेत वाट अडवू लागली, की ती आपोआप जिवंत होते. "प्रेमळ मामी" हा ठोकळा तिथेच फुटतो.

५. माझं पात्र ठोकळेबाज झालंय हे मला कसं कळणार? स्वतःचं लिखाण आहे, दिसत नाही.

पात्राचा पहिला प्रवेश घ्या. त्याला लावलेलं प्रत्येक विशेषण पेन्सिलीनं खोडा. उरलेल्या वाक्यांत पात्र काही करतंय का? नसेल तर तो ठोकळा. ही झाली पहिली चाळणी.

दुसरी चाळणी भाषेची आहे. तुम्ही वापरलेलं विशेषण दुसऱ्या लिंगाला लावून मोठ्यानं म्हणा. "खाष्ट सासू" जिभेवर बसलेली आहे, "खाष्ट सासरा" अडखळतो. "सालस मुलगा" ठीक वाटतो, पण स्थळाच्या जाहिरातीत नसतो. "उठवळ", "घरंदाज", "सोज्वळ" हे बाईच्या वाट्याचे. "बाणेदार", "रांगडा", "रगेल" पुरुषाच्या. "माहेरवाशीण" आणि "सवत" यांना तर पुल्लिंगी जोडच नाही. शब्द अडखळला की थांबा. तो शब्द तुम्ही निवडलेला नसतो, सवयीनं आलेला असतो.

या तपासणीचं श्रेय द्यायचं तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना द्यावं लागेल. सुरतेच्या एका विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं गेलं, तेव्हा त्यांनी १८८२ साली "स्त्रीपुरुष तुलना" लिहिली. बायकांवरचा एकेक आरोप उचलायचा आणि हाच दुर्गुण पुरुषांत नाही काय असं विचारायचं, ही त्यांची रीत. आपण तेच करायचं, आपल्याच कथेच्या कच्च्या खर्ड्यावर.

६. नायकाच्या जागी नायिका घातली. आता कथा चालेल ना?

चाचणी म्हणून ही अदलाबदल फार चांगली, पण इलाज म्हणून अपुरी.

वर्गातल्या एका कथेत नायक रात्री साडेअकराला अनोळखी गावी एसटीतून उतरतो, स्टँडसमोरच्या लॉजवर खोली घेतो आणि सकाळी वडिलांच्या जुन्या भागीदाराला शोधायला निघतो. लेखकानं विजयचं विजया केलं, "गेला"चं "गेली" केलं, बाकी एक अक्षर बदललं नाही. वाचताना सगळ्यांना खटकलं ते लॉजवर. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता किल्ली दिली होती. विजयाला तो किल्ली अशी देईल? तो आधी तिच्या पाठीमागे बघेल. "सोबत कोण आहे?" विचारेल. आधार कार्ड उलटसुलट करेल. "एकट्या लेडीजला देत नाही" म्हणेल, किंवा देईल आणि कडी नीट लागत नाही हे सांगणार नाही.

तो काउंटरवरचा माणूस म्हणजे उंबरठ्याचा राखणदार. पहिल्या खर्ड्यात तो नुसती खुर्ची होता. नायक बाई झाल्याबरोबर त्याला काम मिळालं. शोधाला निघणं हे विजय आणि विजया दोघांचंही सारखंच. वाटेतले अडसर वेगळे. अडसर न बदलता नाव बदललं तर कथा खोटी वाटते. अडसर आला म्हणून तिनं रडून दुसऱ्या पुरुषाला फोन केला, तर ठोकळा परत आला.

७. वाचकांना "कणखर स्त्री" हवी असते. कशी लिहू?

"कणखर" हेही विशेषणच. बुलेट, कापलेले केस आणि दोन शिव्या दिल्या की बाई कणखर होते, ही समजूत आता नऊवारी-सोशिक ठोकळ्याइतकीच जुनी झाली. तिला काहीतरी हवं असू द्या, ते मिळवताना तिची एक चूक होऊ द्या, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणालातरी मोजायला लागू द्या. कणखर आहे की नाही ते वाचक ठरवेल.

८. माझ्या कथेतली सासू खाष्ट आहे, कारण तशी मी घरात पाहिली आहे. खरं आहे तेही लिहायचं नाही का?

लिहा. अवश्य लिहा. खरं असणं आणि ठोकळेबाज नसणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढंच.

साखरेच्या डब्याला कुलूप लावणारी सासू घ्या. "खाष्ट" लिहून मोकळं होता येईल. किंवा कुलपाकडे नीट बघता येईल : पितळी, छोटं, ट्रंकेचं असावं तसं. किल्ली मंगळसूत्रात ओवलेली. या घरात तिच्या नावावर जमीन नाही, खातं नाही, दाराच्या पाटीवर तिचं नाव नाही. तिच्या हुकमतीखाली येणारी एकच जागा आहे, चार फूट रुंदीची मांडणी, आणि आता तिथे दुसरी बाई आली आहे. ती राखणदार आहे. काय राखतेय हे दाखवलंत की तिचा कजागपणा तसाच ठेवूनही ठोकळा उरत नाही.

या बाबतीत मला नेहमी तुकोबांची दुसरी पत्नी आठवते, जिजाई ऊर्फ आवली. कीर्तनातून आणि आख्यानांतून तिची ओळख काय? कजाग. देवभोळ्या नवऱ्याच्या डोक्याला ताप. आता विशेषण खोडा आणि क्रियापदं बघा. दुष्काळात घर बसलेलं, थोरली सवत अन्न अन्न करत गेलेली, नवरा डोंगरावर नामस्मरणात. आणि ही बाई भाकरी बांधून घेते आणि डोंगर चढते. पायात काटा रुततो तो विठ्ठल काढतो, अशी आख्यायिका आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी काटा उरतोच. विठोबाला शिव्या घालत, त्याच्याच भक्तासाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी बाई. एवढ्या ताकदीची व्यक्तिरेखा आपण एका विशेषणात गुंडाळून ठेवली.

९. आणि आई? आई वेगळी कशी लिहायची?

रीत प्रश्न ८ मधलीच. भर एकच : आई कुणाचीही आई नसते असा दिवसातला एक तास शोधा. बहुधा दुपारी अडीच ते चार. त्या वेळी ती काय करते, कुणाशी फोनवर कशी बोलते, कुठला आवाज काढते. तो तास सापडेपर्यंत तिचा संवाद लिहू नका.

१०. सगळी चर्चा बायकांचीच. पुरुष पात्रं ठोकळेबाज नसतात का?

भरपूर. "बाबा फणसासारखे, वरून काटेरी, आतून गोड" हे वाक्य मी इतक्या हस्तलिखितांत वाचलं आहे, की आता फणस दिसला तरी कुणाचे तरी बाबा आठवतात. ठोकळ्यातल्या बापाला तीनच कामं : न बोलणं, फी भरणं आणि मुलीच्या पाठवणीत कोपऱ्यात डोळे पुसणं. त्याला भीती वाटत नाही, त्याला मैत्रीण नसते, त्याला लेकराच्या तापाचं औषध किती मिली हे ठाऊक नसतं.

दुसरा ठोकळा "बायकोच्या मुठीतला" नवरा. हा फक्त हशासाठी असतो. आणि तिसरा, ज्याला लेखक "बायकी" म्हणून मोकळा होतो. "बायकी" हे वर्णन नाही, तो शेरा आहे. तो हात कसा हलवतो, आवाज कुठे चढवतो ते लिहा, आणि मग ते कथेला हवंय का ते स्वतःला विचारा. पुष्कळदा नको असतं. विनोदाबद्दल प्रश्न १५.

११. बेकडेल कसोटी मराठी कथेला लावावी का?

अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेकडेल यांच्या १९८५ सालच्या एका चित्रपट्टीतून ही आली : दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलाव्यात. मुळात ती चित्रपटांवरची कोपरखळी होती. एका कथेला लावून पास-नापास करू नका. एकट्या म्हाताऱ्याची कथा नापास होईल आणि त्यात तिचा काही दोष नसेल. तुमच्या दहा कथा एकत्र ठेवा आणि लावा. दहाच्या दहा नापास झाल्या तर विचार करा.

विषयांची टंचाई असेल तर जात्यावरच्या ओव्या वाचा. भाऊ आहे, नवरा आहे, विठोबाही आहेच. पण लेक, शेजीण, पाऊस, सीतेचा वनवास आणि दळता दळता भरून आलेले दंडही आहेत.

१२. खलनायिका लिहिली की मैत्रिणी म्हणतात, "बाईच का वाईट?" मग बायका फक्त चांगल्याच दाखवायच्या?

मुळीच नाही. बाईला वाईट असण्याचा पूर्ण अधिकार द्या. तपासायचं ते एवढंच की पुरुषाचा अपराध उचलून तिच्या पदरात तर टाकला जात नाहीये ना.

उदाहरण घरचंच आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष राघोबादादांना दिला. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? आनंदीबाईंनी "धरावे"चं "मारावे" केलं. "ध चा मा करणे" हा वाक्प्रचार आज शाळेतली मुलंही वापरतात. न्यायाधीशाचं बोट ज्याच्याकडे होतं तो पुरुष त्या वाक्प्रचारात कुठेच नाही. सत्तालोभी बायको आणि भोळा नवरा या ठोकळ्याचं काम असं चालतं. कैकेयी आणि दशरथ ही जोडी आधीपासून डोक्यात तयार होती, नवीन माणसं त्यात बसवली गेली.

तुमच्या खलनायिकेजवळचे पुरुष तपासा. ते सगळे "फसलेले" असतील तर कथा पुन्हा लिहा.

१३. ग्रामीण कथा लिहितोय. सरपंच बाई आहे, पण कारभार नवरा बघतो. हे वास्तव आहे. तरी ठोकळा म्हणाल?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत, आणि "सरपंचपती" हा शब्दही तेवढाच खरा आहे. पण नुसती "नामधारी बाई" दाखवलीत तर तुम्ही वर्तमानपत्रातली बातमी लिहिलीत. कथा शिक्क्यापाशी आहे. शिक्का कुणाच्या कपाटात असतो? सही करताना ती कागद वाचते का? वाचता येत असून न वाचल्याचं सोंग करते का? एखाद्या दिवशी ती "पेनातली शाई संपली" म्हणाली आणि ठराव अडला, तर ती भोपळ्यातलीच म्हातारी (प्रश्न १).

इतिहासातल्या बायकांबद्दल जे विचारतात त्यांनाही हेच : त्या काळातल्या बाईला आजच्या तोंडची भाषणं देऊ नका. तिच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून वाट काढू द्या.

१४. माझ्या निवेदकाचं लिंग वाचकाला कळू द्यायचं नाहीये. मराठीत हे शक्य आहे का? क्रियापदच चुगली करतं.

शक्य आहे, आणि इंग्रजीपेक्षा जास्त मजेचं आहे, कारण इथे दोरीवर चालावं लागतं.

"मी उठलो", "मी उठले" इथे सापडलात. पण सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो : मी दार उघडलं, चहा टाकला, पेपर चाळला. लिंग कुठे दिसलं? "मला वाटलं", "माझ्या लक्षात आलं" हेही सुरक्षित. भविष्यकाळात "मी जाईन" दोघांचं एकच. "आम्ही गेलो" हेही दोघांचं एकच, त्यामुळे सोबतीला कुणी असेल तर प्रश्नच मिटला. खड्डे कुठे आहेत? कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालणारी काही क्रियापदं आहेत : चहा "प्यालो" की "प्याले", निरोप "विसरलो" की "विसरले", धडा "शिकलो" की "शिकले". "म्हणालो" टाळा, "म्हटलं" वापरा. वर्तमानकाळ बहुतेक ठिकाणी घात करतो, "जातो" आणि "जाते".

या पानावर आतापर्यंत वाचलंत. लिहिणारी व्यक्ती बाई की पुरुष? मनात काहीतरी उत्तर आलं असेल, तर कुठल्या वाक्यावरून आलं ते शोधा. व्याकरणावरून आलेलं नसणार.

तृतीयपुरुषी निवेदनात हीच गंमत वाचकाच्या डोक्यात होते. "डॉक्टर आले" वाचून पुरुष उभा राहतो, डॉक्टर बाई असल्याचं "आल्या" म्हटल्यावरच कळतं.

पोटप्रश्न : माझी नायिका कोल्हापूरची आहे. ती "मी आलो", "मी जातो" म्हणते. एका संपादकांनी सगळीकडे "आले", "जाते" करून टाकलं. त्यांना ती पुरुषी वाटली म्हणे. उत्तर : परत "आलो" करा आणि समासात लिहा, "बोली आहे, मुद्रणदोष नाही." त्या भागातल्या कितीतरी बायका असंच बोलतात. त्यात पुरुषीपणा ऐकू येतो तो पुण्या-मुंबईच्या कानाला. मालवणीतलं "चेडू" तर नपुंसकलिंगी आहे, म्हणून मुलगी काही कमी मुलगी होत नाही.

१५. विनोदी कथेत तर ठोकळेच लागतात. तिथेही सोवळं पाळायचं?

विनोदाला ठरावीक भूमिका लागतात, हे खरं. पण तमाशातली मावशी बघा. गौळणीत ती सगळ्या जणींच्या पुढे चालते, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण, म्हणजे जकात, मागतात, आणि ही देवालाच उलटतपासणी घेते : तू कोण, तुझं गाव कुठलं, दाण कशाचं? हशा तिच्या प्रश्नांवर येतो. ही भूमिका बहुधा पुरुषच वठवतो, त्याचीही एक वेगळी गंमत आहे.

दोन माणसांच्या हव्याशा गोष्टी एकमेकींवर आपटल्या की विनोद होतो. जाडी बायको आणि हडकुळा नवरा हे नुसतं चित्र आहे. त्यावर एकदा हसू येतं, तेही शेजारचा हसला तर.

१६. तृतीयपंथी पात्र लिहायचं आहे. कुठे चुकायची शक्यता जास्त?

दोन ठिकाणी. एक, टाळी वाजवून शाप किंवा आशीर्वाद देऊन निघून जाणारं पात्र, ज्याचं काम नायकाचं नशीब फिरवणं एवढंच. दोन, शेवटी मरून सगळ्यांना शहाणं करणारं पात्र. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी ही ओळख मान्य केली. तुमच्या पात्राला त्या निकालानंतरचं आयुष्य आहे : घरभाडं, रेशनकार्डावरचं नाव, शिलाईचं दुकान, थकलेला हप्ता. त्यातलं एक काहीतरी कथेच्या मध्यभागी आणा. क्रियापद "आला" की "आली" हा निर्णय पात्राचा, लेखकाचा नाही. ती व्यक्ती स्वतःबद्दल जसं बोलते तसंच निवेदनात ठेवा. दुसरी पात्रं मुद्दाम चुकीचं क्रियापद वापरत असतील तर ते फक्त त्यांच्या संवादात राहू द्या. मराठीत एवढ्या एका प्रत्ययात अपमान करता येतो.

१७. मी पुरुष आहे. बाईच्या मनातलं मी लिहावं का?

लिहा, पण मनापासून सुरुवात करू नका. हातापासून करा. तिला बसमध्ये कुठली जागा बसायला आवडते, पैसे कुठे ठेवते, अंधारात चावी कशी धरते. तेवढं बिनचूक जमलं तर मन फार सांगावं लागत नाही. लिहून झाल्यावर दोन बायकांना वाचायला द्या, त्यातली एक तुमच्या घरची नको. घरचे लोक एकतर फार कौतुक करतात नाहीतर फार जुना हिशेब काढतात. बायकांनी पुरुष लिहितानाही हेच.

१८. मी मालिकेचे भाग लिहिते. वर पोचवताना हे सगळं कोण ऐकणार? त्यांना कारस्थानी जाऊ हवीच असते.

द्या की जाऊ. कारस्थानही राहू द्या, त्यावर तुमचा पगार आहे. तिला कारण तेवढं स्वतःचं द्या. वर्गात एकीनं केलेलं मला फार आवडलं होतं : या जावेनं बारा वर्षं स्वतःच्या नोकरीतून घराच्या कर्जाचे हप्ते भरलेत, आणि घर दिराच्या नावावर आहे. सगळ्या पावत्या तिनं जपून ठेवल्या आहेत. पहिल्या भागात ती कपाट बंद करून किल्ली कमरेला खोचताना दिसते, बस्स. मागे भीतीदायक संगीत वाजवायचं असेल तर वाजवू द्या त्यांना. कपाटात काय आहे ते चाळिसाव्या भागापर्यंत कुणालाच सांगू नका, वरच्यांनाही.